छोट्या हॉलमध्ये किनेक्ट : अंतर, ऊन, साडी आणि उशिरा उमटणारी हालचाल

डोंबिवलीकर (प्रश्न)

नमस्कार. अमेरिकेहून कायमची परत आलेल्या माझ्या मावसबहिणीने तिच्याकडचा एक्सबॉक्स ३६० (मायक्रोसॉफ्टचा, टीव्हीला जोडून खेळायचा कन्सोल) आणि त्याचा किनेक्ट (टीव्हीजवळ ठेवायचे, खेळणाऱ्याची हालचाल टिपणारे उपकरण) आम्हाला दिला आहे. विजेचा दाब कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून तो आम्ही वापरतो. हातात कंट्रोलर न धरता नुसत्या हालचालीने खेळता येते, या एकाच गोष्टीमुळे माझी आई आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा एकत्र खेळू लागले आहेत. कंट्रोलरवरची बटणे आईला कधीच जमली नसती. बोलिंग मात्र ती पहिल्याच दिवशी शिकली. म्हणूनच हे यंत्र आमच्या घरात जास्तीत जास्त चांगले कसे चालेल, हे मला समजून घ्यायचे आहे.

आमचा हॉल दहा फूट बाय चौदा फूट आहे. टीव्ही चौदा फुटी भिंतीवर आहे आणि समोर सोफा. सोफा मागे सरकवला तरी टीव्हीपासून उभे राहायला साडेपाच-सहा फूटच मिळतात. खिडकी पश्चिमेला आहे. माझी निरीक्षणे अशी : संध्याकाळी ट्यूबलाइटमध्ये खेळ व्यवस्थित चालतो, पण दुपारी चारच्या उन्हात समोर कोणी उभे आहे हेच किनेक्टला ओळखता येत नाही. मुलाची आकृती स्क्रीनवर बरोबर हलते, पण आई पाचवारी साडी नेसते आणि तिच्या आकृतीचे गुडघे भलतीकडेच वळलेले दिसतात. तिसरी गोष्ट म्हणजे हात फिरवल्यावर स्क्रीनवरचा हात जरासा मागून येतो. एका मित्राकडे सोनीचा प्लेस्टेशन ३ आणि मूव्ह (त्याचा हातात धरून हलवायचा कंट्रोलर) आहे, तिथे हा उशीर जवळजवळ जाणवत नाही. दोन्हींत कॅमेराच आहे, मग हा फरक का? आणि आमच्याकडच्या कन्सोलवर इथल्या जुन्या बाजारात मिळणाऱ्या डिस्क चालतील का?

अवरक्त (प्रतिसाद)

तुमच्या पहिल्या दोन निरीक्षणांचे मूळ एकाच ठिकाणी आहे, आणि ते म्हणजे किनेक्ट बघतो कसा. त्यात साधा रंगीत कॅमेराही आहे, पण माणसाची हालचाल ओळखण्याचे मुख्य काम तो कॅमेरा करत नाही. किनेक्टमधला एक छोटा लेझर डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचे हजारो ठिपके समोर फेकतो आणि त्याच्यापासून काही सेंटिमीटर बाजूला बसवलेला अवरक्त कॅमेरा ते ठिपके टिपतो. ठिपक्यांची मांडणी यंत्राला आधीपासून पाठ असते. एखादा ठिपका अपेक्षित जागेपासून किती सरकला आहे, यावरून तो ज्या वस्तूवर पडला ती किती लांब आहे याचे गणित मांडता येते. हे तंत्र प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीचे. दर सेकंदाला तीस वेळा असे एक चित्र तयार होते, ज्यात प्रत्येक बिंदूला रंगाऐवजी अंतर असते. रात्री दिवे मालवून किनेक्ट समोरच्या भिंतीकडे वळवा आणि मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून त्या भिंतीकडे बघा. काही मोबाइलच्या कॅमेऱ्यांना अवरक्त प्रकाश दिसतो, आणि मग अख्खी भिंत बारीक ठिपक्यांनी भरलेली दिसते. हे एकदा बघितले की पुढचे सगळे लगेच पटते.

ऊन हा या पद्धतीचा मोठा शत्रू आहे, कारण सूर्यप्रकाशात अवरक्त किरण मुबलक असतात आणि लेझरचे ठिपके त्यात बुडून जातात. ट्यूबलाइट आणि एलईडी दिव्यांच्या प्रकाशात अवरक्त भाग फारच कमी असतो, म्हणून संध्याकाळी अडचण येत नाही. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला की दुपारचा प्रश्न बहुतांशी मिटेल. पातळ पडदा पुरणार नाही, कारण त्यातून आलेला प्रकाश आपल्याला सौम्य वाटला तरी ठिपके पुसण्याइतका अवरक्त भाग त्यात उरतो. सोफ्यामागे काचेचे शोकेस किंवा आरसा असेल तर तोही झाकून बघा, कारण चकचकीत पृष्ठभागावरून ठिपके भलतीकडे परावर्तित होतात.

आता साडीचा प्रश्न. अंतराचे चित्र मिळाल्यानंतर त्यातला कोणता बिंदू शरीराच्या कोणत्या भागाचा, हे ठरवावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज येथील संशोधकांनी यासाठी जी पद्धत तयार केली, तिच्यात शरीराचे ३१ भाग मानले आहेत. उंची, बांधा, कपडे आणि पवित्रे बदलून संगणकावर तयार केलेल्या असंख्य मानवी आकृत्या दाखवून ती पद्धत शिकवली गेली. प्रत्येक बिंदू डोक्याचा, कोपराचा की गुडघ्याचा हे ती एकेका चित्रापुरते ठरवते आणि त्यावरून २० सांध्यांचा सांगाडा उभा राहतो. पाचवारी साडीत कमरेपासून घोट्यापर्यंत दोन पाय दिसतच नाहीत, एकच सलग खांब दिसतो; गुडघे कुठे असतील याचा यंत्राला अंदाज करावा लागतो आणि निऱ्या हलल्या की तो अंदाजही हलतो. पायघोळ झगा घातलेल्या कोणाच्याही बाबतीत हेच होईल. चुडीदार किंवा सलवार घातली तर फरक पडेल. आईंना सवय असेल तर काष्ट्याची नऊवारीही चालावी, कारण तिच्यात दोन पाय वेगळे दिसतात. अर्थात बोलिंगमध्ये सगळा हिशोब हाताचा असल्याने गुडघे चुकीचे दिसले तरी खेळाचे नुकसान होत नाही. निव्वळ आकृती सुंदर दिसावी म्हणून त्यांना पोशाख बदलायला लावू नका.

चौकट (प्रतिसाद)

अवरक्त यांनी लिहिलेले योग्यच आहे, पण मी आधी अंतराकडे बघेन, कारण तुमच्या हॉलमध्ये सर्वाधिक सुधारणा तिथेच होणार आहे आणि तिला एक पैसाही लागणार नाही.

या किनेक्टचा दृश्यकोन, म्हणजे त्याला दिसणारा भाग, आडवा ५७ अंश आणि उभा ४३ अंश आहे. याचा अर्थ, सहा फुटांवर त्याला दिसणारी चौकट साधारण साडेसहा फूट रुंद आणि जेमतेम पावणेपाच फूट उंच असते. पाच फुटांची व्यक्तीसुद्धा या चौकटीत डोक्यापासून पावलांपर्यंत मावत नाही. एक तर पावले सुटतात किंवा वर केलेला हात सुटतो. आठ फुटांवर तीच चौकट पावणेनऊ फूट रुंद आणि सव्वासहा फूट उंच होते. एका खेळाडूला किमान सहा आणि दोघांना आठ फूट अंतर ठेवा, ही कंपनीची सूचना या भूमितीतूनच आलेली आहे. किनेक्टच्या बैठकीत मोटर असते आणि तिच्यामुळे तो वर-खाली २७ अंश झुकतो. झुकल्याने चौकट सरकते, मोठी होत नाही.

तेव्हा टीव्ही दहा फुटी भिंतीकडे न्या. मग उभे राहायला चौदा फुटांची बाजू मिळेल. सोफा आणि टीव्हीचे टेबल वजा जाताही नऊ फूट सहज उरतील. बाजूच्या भिंतींपासून थोडे आत उभे राहिले तर आजी-नातू शेजारी शेजारी खेळू शकतील. किनेक्ट जमिनीपासून दोन ते सहा फुटांच्या दरम्यान, टीव्हीच्या बरोबर मध्यावर आणि टेबलाच्या अगदी कडेला ठेवा. तो मागे सरकून बसला तर टेबलाचा पृष्ठभागच चौकटीच्या खालच्या भागात येतो.

आता उशिराबद्दल. प्लेस्टेशन मूव्हच्या टोकाला जो रंगीत उजळणारा चेंडू आहे, त्याचा आकार यंत्राला नेमका माहीत असतो. कॅमेऱ्याने चित्रात एक ठळक रंगीत वर्तुळ शोधायचे, ते जितके मोठे दिसेल तितके ते जवळ आहे असे समजायचे, आणि मनगट कसे वळले हे कंट्रोलरमधल्या जायरोस्कोप (वळणे मोजणारा) व अ‍ॅक्सेलरोमीटरने (वेगातला बदल मोजणारा) सांगायचे, अशी ही सोपी वाटणी आहे. खोलीतल्या रंगांशी घोळ होऊ नये म्हणून चेंडूचा रंगही बदलता येतो. शिवाय प्लेस्टेशन आय हा कॅमेरा दर सेकंदाला साठ चित्रे घेतो. किनेक्ट तीसच घेतो, त्यामुळे दोन चित्रांमध्येच सुमारे ३३ मिलिसेकंद जातात. त्यानंतर ठिपक्यांचे गणित, शरीराची ओळख, सांगाडा, मग खेळाचे स्वतःचे चित्र आणि शेवटी टीव्हीची प्रक्रिया, असे टप्पे एकावर एक चढतात. सांगाडा ओळखण्यासाठी किनेक्टमध्येच स्वतंत्र प्रोसेसर बसवण्याचा मूळ विचार होता. तो पुढे सोडून देण्यात आला आणि ते काम कन्सोलच्या प्रोसेसरवर आले.

यातला शेवटचा टप्पा तुमच्या हातात आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर तो चालू करा, कारण चित्र गुळगुळीत आणि भडक करण्यासाठी टीव्ही जी प्रक्रिया करतो तिच्यातच बराच वेळ जातो.

उरलेला उशीर खेळ निवडून टाळायचा. किनेक्टचे जे खेळ आजही आनंद देतात, त्यांच्या रचनाकारांनी हा उशीर गृहीत धरलेला होता. हार्मोनिक्सच्या 'डान्स सेंट्रल'मध्ये पुढची नृत्यमुद्रा तुम्हाला आधी दाखवली जाते आणि तुम्ही ती केल्यानंतर तिचे मूल्यमापन होते; अंशभर सेकंदाने काहीच बिघडत नाही. बोलिंगमध्ये चेंडू सुटला की तुमचे काम संपलेले असते. टेबल टेनिसमध्ये मात्र तोच उशीर लगेच जाणवतो. कॅपकॉमचा २०१२ चा 'स्टील बटालियन : हेवी आर्मर' हा खेळ रणगाड्यासारख्या यंत्राच्या आतल्या कळा आणि खटके हातवाऱ्यांनी चालवायला लावत होता; जिथे एक चुकीची खूण जिवावर बेतते अशा प्रसंगात हातवारे चुकीचे ओळखले जात, म्हणून त्याच्यावर सडकून टीका झाली. हातात बटण नसणे हे नवख्या माणसासाठी वरदान आहे, पण "आत्ता" हे नेमके सांगण्याचे साधन त्याबरोबर जाते. मेनूतली साधी निवड करायलासुद्धा हात एका जागी धरून थांबावे लागते, ते याच कारणाने.

जुनेखेळ (प्रतिसाद)

चौकट यांच्या शेवटच्या मुद्द्याला थोडा मागचा संदर्भ जोडतो. कॅमेऱ्याकडून खेळाने किती अपेक्षा ठेवावी, हा प्रश्न किनेक्टच्या बऱ्याच आधी एकदा फार छान सुटलेला होता. सोनीने २००३ मध्ये प्लेस्टेशन २ साठी आयटॉय हा कॅमेरा आणला, ज्यामागे रिचर्ड मार्क्स या संशोधकाचे काम होते. ३२० बाय २४० बिंदूंचा तो साधा कॅमेरा. त्याला अंतर कळत नव्हते, सांगाडा ओळखता येत नव्हता, समोर माणूस आहे की हलणारी उशी हेही सांगता येत नव्हते. सोनीच्या लंडन स्टुडिओने केलेल्या 'आयटॉय : प्ले' या खेळात तुम्ही स्वतः स्क्रीनवर दिसता, भोवती निन्जा उड्या मारतात किंवा काचेवर फेस पसरलेला असतो, आणि त्या जागी चित्रात काही हलले की निन्जा उडतो किंवा फेस पुसला जातो. हात, कोपर, डोके, हातातला टॉवेल, काहीही चालते. यंत्राने एवढेच विचारले, "इथे हालचाल झाली का?" आणि त्या प्रश्नाचे उत्तर साध्या कॅमेऱ्यालाही बहुतेक वेळा बरोबर देता येते. तुमच्या आईंची साडी तिथे अजिबात आड आली नसती. मंद प्रकाशात मात्र तो अडखळायचा, कारण त्याला दिसणाऱ्या उजेडाचीच गरज होती.

किनेक्टने फार मोठा प्रश्न विचारायला घेतला : समोर कोण आहे, त्याचे प्रत्येक अंग कुठे आहे आणि त्याला काय म्हणायचे आहे? नोव्हेंबर २०१० मध्ये तो बाजारात आला आणि पहिल्या ६० दिवसांत ८० लाख नग विकले गेले. सर्वांत वेगाने विकले गेलेले ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक उपकरण म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली. फेब्रुवारी २०१३ पर्यंत हा आकडा २ कोटी ४० लाखांवर गेला होता. म्हणजे लोकांना ही कल्पना नको होती असे मुळीच नाही. माझ्या मते घोडे अडले ते पुढच्या वाटचालीत. २०१३ च्या एक्सबॉक्स वन या पुढच्या कन्सोलबरोबर आलेला दुसरा किनेक्ट तांत्रिकदृष्ट्या कितीतरी सरस होता. तो ठिपक्यांऐवजी प्रकाशाला जाऊन परत यायला किती वेळ लागतो यावरून अंतर काढायचा, सहा माणसांचे प्रत्येकी २५ सांधे ओळखायचा, आणि त्याची चौकट इतकी रुंद होती की तुमच्यासारख्या हॉलमध्येही तो बरा बसला असता. पण तो कन्सोलसोबत घ्यावाच लागत होता, त्यामुळे किंमत ४९९ डॉलर झाली, तर प्लेस्टेशन ४ ची होती ३९९. सतत चालू असणारा कॅमेरा आणि मायक्रोफोन दिवाणखान्यात असावा का, ही शंकाही अनेकांना होती, आणि किनेक्ट जोडलेलाच असला पाहिजे ही अट कंपनीला विक्रीआधीच मागे घ्यावी लागली. जून २०१४ मध्ये किनेक्टशिवायचा एक्सबॉक्स वन ३९९ डॉलरला आला आणि त्याच सुमारास किनेक्टसाठी राखून ठेवलेली ग्राफिक्स प्रोसेसरची क्षमता खेळांना मोकळी करून देण्यात आली. सगळ्यांकडे किनेक्ट असेलच ही खात्री संपल्यावर त्याच्यासाठी खेळ कोण बनवणार? २०१७ मध्ये उत्पादन थांबले.

तरी हे तंत्र वाया गेले असे म्हणायला माझे मन धजत नाही. पहिला किनेक्ट बाजारात आल्यावर आठवडाभरातच एक्टर मार्टिन या स्पॅनिश प्रोग्रामरने तो साध्या संगणकाला जोडण्याचा खुला ड्रायव्हर (जोडणी करून देणारा, कोणालाही वापरता येणारा प्रोग्राम) लिहिला आणि त्यानंतर रोबोट बनवणाऱ्यांपासून रुग्णालयांपर्यंत सगळ्यांनी तो हाती घेतला. टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयात शस्त्रक्रिया चालू असताना निर्जंतुक हातांनी कशालाही स्पर्श न करता स्कॅनची चित्रे पुढे-मागे करण्यासाठी तो वापरला गेला. प्राइमसेन्स कंपनी २०१३ मध्ये ॲपलने विकत घेतली, आणि २०१७ च्या आयफोन टेनमध्ये चेहरा ओळखण्यासाठी अवरक्त ठिपके चेहऱ्यावर टाकण्याचीच पद्धत आली.

डोंबिवलीकर

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी आम्ही टीव्ही आखूड भिंतीकडे हलवला, किनेक्ट टेबलाच्या कडेला आणला आणि खिडकीला जाड पडदा लावला. आता आठ-साडेआठ फूट अंतर मिळते. सर्वांत आधी लक्षात आले ते असे की, आईच्या आकृतीची पावले आता जमिनीवर टेकलेली दिसतात; आधी ती अधूनमधून जमिनीत रुतल्यासारखी दिसत. गुडघे अजून हलतात, पण त्याचे कारण कळल्यामुळे त्याचे काही वाटत नाही. गेम मोडने उशीर कमी झाला हे मुलाने न सांगताच ओळखले.

दोन गोष्टी राहिल्या. आईचे गुडघे दुखतात, तर तिला खुर्चीत बसून खेळता येईल का? आणि डिस्कचा प्रश्न.

चौकट

एक्सबॉक्स ३६० चे बहुतेक खेळ उभ्या माणसाचा पूर्ण सांगाडा गृहीत धरून केलेले आहेत. खुर्चीत बसल्यावर मांड्या कॅमेऱ्याच्या दिशेने येतात, खुर्चीचे हात आणि पाठ शरीराला चिकटून दिसतात, आणि ओळख वारंवार सुटते. बसलेल्या माणसासाठीची वेगळी पद्धत मायक्रोसॉफ्टने नंतर दिली, पण ती विंडोज संगणकावर किनेक्ट वापरणाऱ्या प्रोग्रामरांसाठी होती. तुमच्याकडच्या खेळांना तिचा उपयोग नाही. तेव्हा आईंनी उभ्यानेच खेळावे, पण एका डावापुरते, आणि मध्ये बसायला खुर्ची चौकटीच्या बाहेर ठेवावी. गुडघेदुखीत कोणत्या हालचाली टाळायच्या हे त्यांच्या फिजिओथेरपिस्टना विचारून घ्या. उड्या मारायला लावणारा 'किनेक्ट अ‍ॅडव्हेंचर्स' त्यांच्यासाठी नको.

बसूनच खेळणे भाग असेल तर निन्टेंडोच्या वी या जुन्या कन्सोलचा विचार करा. त्यात रचना बरोबर उलटी आहे : अवरक्त कॅमेरा हातातल्या रिमोटमध्ये असतो आणि टीव्हीजवळची 'सेन्सर बार' नावाची पट्टी प्रत्यक्षात काहीही ओळखत नाही, तिच्या दोन टोकांना फक्त अवरक्त दिवे असतात. रिमोटला ते दोन दिवे दिसले की टीव्हीकडे तो कसा रोखला आहे हे कळते. बाकी हालचाल त्यातला अ‍ॅक्सेलरोमीटर टिपतो. खेळणारा उभा आहे की बसलेला, साडीत आहे की सलवारीत, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. त्याचे बोलिंग बसूनही उत्तम जमते, फक्त बटण दाबून ठेवून योग्य क्षणी सोडायला शिकावे लागते आणि मनगटाची दोरी अडकवावीच लागते.

अवरक्त

डिस्कबद्दल. एक्सबॉक्स ३६० वर प्रदेशाचे बंधन असते, म्हणजे एका भागासाठीची डिस्क दुसऱ्या भागातल्या कन्सोलवर चालेलच असे नाही; पण ते लावायचे की नाही हे प्रत्येक प्रकाशक खेळागणिक ठरवत असे. भारतात विकल्या गेलेल्या डिस्क सहसा 'पाल' चिन्हाच्या असतात आणि तुमचा अमेरिकेचा कन्सोल 'एनटीएससी' गटातला आहे. काही खेळ दोन्हींवर चालतात, काही चालत नाहीत. म्हणून विकत घेण्याआधी त्या विशिष्ट खेळाची चौकशी करा, किंवा विक्रेत्याकडून चालला नाही तर परत घेण्याचे कबूल करून घ्या. डिजिटल खेळांचा मार्ग आता बंद झाला आहे, कारण एक्सबॉक्स ३६० चे ऑनलाइन दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद करण्यात आले. आधी विकत घेतलेले खेळ मात्र उतरवता येतात, तेव्हा मावसबहिणीच्या खात्यावर 'फ्रूट निन्जा किनेक्ट'सारखे काही असेल तर तिला लॉगिन करायला सांगून ते उतरवून घ्या. तो खेळ पूर्णपणे हातांचा आहे, आईंना आवडेल.

आणखी एक. टीव्हीची जागा बदलली आहे, तर सेटिंगमधल्या किनेक्ट ट्यूनरमध्ये जाऊन आवाजाची आणि कॅमेऱ्याची जुळणी नव्याने करा. 'किनेक्ट अ‍ॅडव्हेंचर्स'च्या डिस्कसोबत त्यासाठी एक कार्ड यायचे. डबीत ते असेल तर कॅमेऱ्यासमोर धरून स्क्रीनवर सांगतील तसे हलवायचे. जुळणी पडदा ओढून आणि टीव्हीचा आवाज नेहमीइतका ठेवून करा, म्हणजे रोजच्या परिस्थितीत ती लागू पडेल.